क्वारंटाईन लागलंय आणि लोक ऐकत नाहीयेत, तर त्यांच्याशी बोलायचं कसं

साथ आली की कधी ना कधी कुणालातरी कुणाच्यातरी दारात उभं राहून सांगावं लागतं की आता इतके दिवस बाहेर पडू नका. आरोग्यसेविका असेल, सोसायटीचा सेक्रेटरी असेल, हॉस्टेलची वॉर्डन असेल, नाहीतर घरातलाच मुलगा जो आईवडिलांना समजावतोय. मास्क कसा लावायचा, हात कसे धुवायचे ते सगळे सांगतात, पण हे दारातलं बोलणं कसं करायचं ते कुणी शिकवत नाही, मग ते एकतर दमदाटीने होतं नाहीतर घाबरत घाबरत अर्धवट होतं. म्हणून हे लिहितेय.

कोरोनाच्या वेळी मी काही महिने क्वारंटाईनमधल्या घरांना रोज फोन करायचे. समोर यादी, त्यात नाव, नंबर, आज कितवा दिवस आणि विचारायचे प्रश्न. पहिला प्रश्न असायचा "घरीच आहात ना?" आता या प्रश्नाला नाही म्हणणारं कुणी मला तरी भेटलं नाही, सगळे हो म्हणायचे आणि फोन ठेवायची घाई करायचे. एक दिवस एका बाईंनी शांतपणे विचारलं, "ताई, आम्ही काय चोरी केलीय का, रोज हजेरी घेताय ती?" मला काही उत्तरच सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनाच फोन लावला तेव्हा प्रश्न बदलला, म्हटलं, "आज काय कमी पडतंय?" जरा वेळ त्या गप्पच होत्या आणि मग म्हणाल्या, यांच्या बीपीच्या गोळ्या परवाच संपल्यात, मुलगा म्हणतोय पहाटे कुणी बघायच्या आत जाऊन घेऊन येतो. तासाभरात एका कार्यकर्त्याने गोळ्यांची पिशवी त्यांच्या दाराच्या कडीला अडकवली, बेल वाजवली आणि चार पावलं मागे जाऊन उभा राहिला. मुलाला बाहेर जायची गरजच उरली नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की लोकांना दार बंद होण्याची भीती त्या मानाने कमीच असते, खरी भीती दोन गोष्टींची असते, एक म्हणजे चार लोक आपल्याकडे गुन्हेगारासारखं बघतील याची आणि दुसरी हातातोंडाची गाठ कशी पडणार याची. या दोन्हींची सोय लावून द्या, बरेचसे लोक स्वतःहून थांबतात. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

दारात जाण्याआधी स्वतःचं नीट करून घ्या

सगळ्यात आधी, क्वारंटाईन आणि आयसोलेशन यातला फरक आपल्या डोक्यात स्पष्ट पाहिजे. जो आजारी आहे त्याला वेगळं ठेवणं म्हणजे आयसोलेशन. जो आजारी नाही पण आजारी माणसाच्या संपर्कात आलाय, म्हणजे कदाचित लागण झाली असेल कदाचित नसेल, त्याला काही दिवस थांबवणं म्हणजे क्वारंटाईन. हा फरक माहीत नसला की आपण धडधाकट माणसाला "पेशंट" म्हणून बसतो आणि तिथेच तो बिथरतो, आणि त्याचं बिथरणं बरोबरच असतं.

दुसरं म्हणजे दिवसांचा आकडा कुठून आला ते माहीत पाहिजे, कारण पहिलाच प्रश्न तो येतो. १३७७ साली रागुसा नावाच्या बंदरात, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकमध्ये, प्लेगच्या गावांतून येणाऱ्यांना ३० दिवस बाहेर थांबवायचा नियम झाला. पुढे त्याचे ४० दिवस झाले, आणि इटालियन भाषेत चाळीसला क्वारांता म्हणतात त्यावरून क्वारंटाईन हा शब्द पडला. तेव्हा जंतू ही गोष्टच कुणाला माहीत नव्हती. आज मात्र आकड्यामागे हिशोब असतो, लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जास्तीत जास्त किती दिवस जाऊ शकतात तेवढे दिवस थांबायचं. इबोलाला २१ दिवस, कोरोनाला सुरुवातीला १४ दिवस ठेवले होते ते याच हिशोबाने. हे लोकांना असंच साध्या शब्दात सांगा, "वरून ऑर्डर आहे" असं सांगू नका, ऑर्डर हे काही कारण नाही आणि लोकांना ते लगेच कळतं.

यातूनच तो नेहमीचा वाद निघतो, टेस्ट निगेटिव्ह आली मग आता कशाला थांबू. हा प्रश्न मूर्खपणाचा नाही हो, अगदी रास्त आहे, त्यामुळे वैतागून उत्तर देऊ नका. मी असं सांगायचे, "लागण झाल्यावर पहिले काही दिवस विषाणू शरीरात इतका कमी असतो की टेस्टला सापडतच नाही, आजचा रिपोर्ट आजपुरता खरा आहे, परवाचं तो सांगू शकत नाही." एवढं सांगितलं की बहुतेकांना पटायचं. ज्यांना पटायचं नाही त्यांची अडचण बहुतेक वेळा टेस्टची नसायचीच, काहीतरी दुसरंच असायचं, कामावर जायचं असायचं, नाहीतर घरात भांडण असायचं.

आणि तिसरी तयारी, नियम त्या त्या रोगाला धरून आहे का ते विचारून घ्या. अंगावरच्या स्पर्शातून पसरणारा रोग वेगळा, हवेतून पसरणारा वेगळा, पिसवांमधून पसरणारा वेगळा. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवलं, त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात माणसांना घराबाहेर काढून घरं उचकटली जात होती.

दमदाटीने काय होतं

पुण्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू. १८९७ चा प्लेग, कमिशनर रँड, आणि घरझडतीला गोरे सोल्जर. माणसं उचलून छावणीत नेणं, घरातलं सामान जाळणं, बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी करणं. रोग थांबावा हा हेतू असेलही, पण लोकांनी काय केलं तर आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. माळ्यावर लपवली, नातेवाईकांकडे पाठवली, मेलेली माणसंही लपवली. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्याच्या नेमकं उलट. आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले होत्या. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याच्या दवाखान्यात त्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या, एका आजारी पोराला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. रोग्याला घरातून हलवून वेगळं ठेवणं दोन्हीकडे होतं. पण एकीकडून लोक पळत होते आणि दुसरीकडे आपलं माणूस विश्वासाने सोपवत होते. मी कुठल्याही दारात जायच्या आधी हे दोन्ही आठवते.

ही काही फक्त जुनी गोष्ट नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये लायबेरियात मोनरोव्हियामधली वेस्ट पॉइंट ही वस्ती इबोलासाठी एका रात्रीत बंद केली, सकाळी लोक उठले तर बाहेर तारेचं कुंपण आणि बंदुका. आधी कुणी काही सांगितलं नव्हतं, आत खायचं काय याचं उत्तर नव्हतं. लोक कुंपणावर चालून गेले, गोळीबार झाला, त्यात एक किशोरवयीन मुलगा गेला. दहा दिवसांत कुंपण काढावं लागलं. नंतर तिथे जे चाललं ते वस्तीतल्याच लोकांनी घरोघर जाऊन विचारपूस करणं, आजारी माणूस लवकर शोधणं, कारण त्यांच्यासाठी दार उघडलं जात होतं.

तर करायचं काय, तर शक्य असेल तिथे आदल्या दिवशी सांगा, निदान काही तास तरी आधी सांगा. एकटं जाऊ नका, त्या घराला ओळखणारं, ज्याच्या शब्दाला तिथे मान आहे असं कुणीतरी सोबत घ्या. गणवेशातला माणूस पहिल्या भेटीला नको. दारात मोठ्या आवाजात बोलू नका, शेजारी कानोसा घेत असतात, फोनवर किंवा आत अंतर ठेवून बोला. आणि पहिलं वाक्य नियमाचं नको, पहिलं वाक्य "घाबरू नका, सगळं सांगते" असं असू दे, किंवा तुमच्या पद्धतीचं काहीही, पण माणसाशी बोलल्यासारखं.

पोटाचं आधी बोला

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्याचं हातावर पोट आहे त्याला तुम्ही चौदा दिवस घरी बस म्हणता म्हणजे चौदा दिवसांची मजुरी सोड म्हणता. हे बोलायचं टाळून बाकी कितीही गोड बोललात तरी काही उपयोग नाही.

२०२० च्या फेब्रुवारीत, म्हणजे कोरोना नुकता पसरत असताना, इस्रायलमध्ये लोकांना विचारलं होतं की क्वारंटाईन सांगितलं तर पाळाल का. बुडालेला पगार भरून मिळणार असेल तर ९४ टक्के हो म्हणाले. भरून मिळणार नसेल तर? तोच आकडा ५७ टक्क्यांच्या खाली आला. माणसं तीच, रोग तोच, फक्त पगाराची हमी काढून घेतली. हे वाचल्यापासून "लोक बेजबाबदार आहेत" हे वाक्य मी तोंडातून काढत नाही.

इंग्लंडमधल्या ईम गावाची गोष्ट लोक त्यागाची म्हणून सांगतात. १६६५-६६ च्या प्लेगमध्ये विल्यम मॉम्पेसन या पाद्रीच्या सांगण्यावरून गावाने स्वतःच स्वतःला बंद करून घेतलं, रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून, आणि सुमारे २६० माणसं गेली. त्याग आहेच. पण मला त्यातलं दुसरं दिसतं, गावाच्या हद्दीवर एक दगड होता, त्याला खळगे होते, नाण्यांवरून रोग जाऊ नये म्हणून त्यात व्हिनेगर भरून गावकरी नाणी टाकायचे आणि बाहेरचे लोक तिथे सामान ठेवून जायचे. डेव्हनशायरच्या अर्लने अन्न पुरवलं. म्हणजे आत थांबणाऱ्यांना माहीत होतं की हद्दीवर उद्या काहीतरी येणार आहे. तो दगड नसता तर गाव थांबलं असतं का, मला शंका आहे.

म्हणून दारात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. सामान कोण आणणार त्याचं नाव आणि नंबर एका कागदावर लिहून द्या. औषधं कुणाची कोणती चालू आहेत ते पहिल्याच दिवशी विचारा, किती दिवसांची शिल्लक आहेत तेही विचारा. पिण्याच्या पाण्याचं, कचऱ्याचं, लहान बाळाच्या दुधाचं विचारा, सॅनिटरी पॅडचं विचारा, बायका आपणहून सांगत नाहीत. मालकाला किंवा ऑफिसला दाखवायला पत्र लागणार असेल तर ते मिळवून द्या, हे एक पत्र कितीजणांना घरात ठेवतं ते तुम्हाला खरं वाटणार नाही. आणि जे जमणार नाही ते स्पष्ट सांगा. पैशाची मदत नसेल तर "बघू, होईल काहीतरी" म्हणू नका, तोंडाला पानं पुसली की पुढच्या वेळी दार उघडत नाही.

मेरी मॅलनचं उदाहरण इथे सांगितलंच पाहिजे, कारण "टायफॉईड मेरी" हे तिचं नाव आजही शिवीसारखं वापरतात. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण, स्वतःला काही त्रास नाही पण अंगात टायफॉईडचे जंतू. १९०७ मध्ये तिला पकडून नॉर्थ ब्रदर बेटावर ठेवलं, १९१० मध्ये स्वयंपाकाचं काम करायचं नाही या अटीवर सोडलं. ती धुण्याचं काम करायला लागली, त्यात पैसे कमी, शेवटी नाव बदलून परत स्वयंपाकाला गेली, एका प्रसूतिगृहात लागण पसरली आणि १९१५ मध्ये परत त्याच बेटावर, ते थेट १९३८ मध्ये मरेपर्यंत. तिची चूक होती, माणसं दगावली. पण धडधाकट बाईला "तुझ्यामुळे लोक आजारी पडतात" हे तिला पटेल असं कुणी सांगितलं नाही, आणि हातातलं काम काढून घेताना तेवढं पोट भरेल असं दुसरं काम दिलं नाही.

शेजाऱ्यांशी बोलणं विसरू नका

बहुतेक लोक फक्त बंद दाराच्या आतल्यांशी बोलतात आणि इथेच चुकतं. बाहेरचे जास्त घाबरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस सहज वाळीत टाकायच्या गोष्टी करायला लागतो. लिफ्ट वापरू नका, मुलांना शाळेत परत घेऊ नका, घर खाली करा, असलं सगळं. ज्याने हे एकदा दुसऱ्याच्या बाबतीत बघितलं तो स्वतःला ताप आल्यावर सांगणार आहे का? तो गोळी घेऊन गप्प बसणार. म्हणजे आज शेजाऱ्याला दिलेला त्रास उद्या लपलेला पेशंट बनून आपल्याच जिन्यात येतो.

मी ग्रुपवर टाकायला एक मेसेज ठेवला होता, जवळपास असाच: "आपल्यातल्या एका घराला अमुक तारखेपर्यंत घरात थांबायला सांगितलंय. ते आजारी नाहीत, आपल्या सगळ्यांसाठी थांबलेत. त्यांचं सामान आणायची जबाबदारी मी घेतलीय, कुणाला हातभार लावायचा असेल तर मला फोन करा." बस. नाव नाही, फोटो नाही, कुठून लागण झाली ते नाही. कुणी नाव विचारलंच तर "मदत करणार असाल तर सांगते" असं म्हणायचं, निम्मे तिथेच थांबतात आणि उरलेले खरोखर मदतीला येतात. "आपल्या सगळ्यांसाठी थांबलेत" हे वाक्य गाळू नका, त्याने बंद घरातल्यांचं स्थान बदलतं, आरोपीवरून मदत करणाऱ्यावर येतं.

आणि एखाद्या जातीधर्मावर, वस्तीवर, बाहेरून आलेल्यांवर बोट दाखवायला सुरुवात झाली तर तिथल्या तिथे थांबवा, हळू आवाजात पण ठामपणे. १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगच्या नावाखाली चायनाटाऊन बंद केलं, पण त्याच हद्दीतली गोऱ्यांची दुकानं हद्दीची रेघ वळवून वगळली. कोर्टाने ते रद्द केलं. रोग काय रेघ बघून वळणार होता? असा नियम केला की ज्यांना बंद केलं त्यांचा विश्वास जातो आणि ज्यांना वगळलं ते निर्धास्त होतात, दोन्हीही रोगाच्या फायद्याचं.

मधले दिवस

पहिले दोन दिवस उत्साहात जातात, शेवटचे दोन दिवस मोजण्यात जातात, मधले दिवस वाईट. चौथ्या पाचव्या दिवसापासून फोनवरचा आवाज बदलतो. टोरोंटोत २००३ च्या सार्स या श्वसनाच्या रोगाच्या साथीनंतर क्वारंटाईनमध्ये राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली, त्यात साधारण २९ टक्क्यांमध्ये मानसिक आघाताची लक्षणं होती आणि ३१ टक्क्यांमध्ये नैराश्याची, आणि जितके दिवस जास्त तितका त्रास जास्त. त्यामुळे ठरलेली तारीख "सेफ साईड म्हणून" पुढे ढकलू नका. एकदा तारीख हलली की तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास राहत नाही. खरंच वाढवावी लागली, समजा घरात दुसऱ्या कुणाला लागण झाली, तर फोन करून कारणासकट सांगा, मेसेज टाकून मोकळे होऊ नका.

रोज एकाच वेळी फोन करा. पाच मिनिटं पुरतात. अफवा आली असेल तर ती पूर्ण ऐकून घ्या, मध्येच "खोटं आहे ते" म्हणून तोडू नका, आधी विचारा कुठून आलं, तुम्हाला त्यातलं काय खरं वाटलं, मग जेवढं नक्की माहीत आहे तेवढंच सांगा.

लहान मुलांना अपोलो ११ ची गोष्ट सांगा, मी खूप वेळा सांगितलीय. १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स चंद्रावरून आले तर त्यांनाही २१ दिवस क्वारंटाईन, चंद्रावरचे जंतू असले तर म्हणून. जहाजावर एका बंद गाडीत बसवलेले आणि राष्ट्राध्यक्ष निक्सन काचेच्या बाहेर उभे राहून त्यांच्याशी बोलतायत. एका सात वर्षांच्या मुलाने हे ऐकून घराच्या खिडकीवर आतून "अवकाशयान" असा कागद लावला आणि खाली रोज एक चौकोन रंगवायचा, समोरच्या घरातल्या मुली तिथून हात करायच्या.

कुणी नियम मोडला तर

मोडतात. आधी का मोडला ते विचारा, एकांतात. दहातल्या बऱ्याच वेळा आपल्याकडूनच काहीतरी पोचलेलं नसतं. ते पोचवा आणि पुन्हा सांगा. व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको, त्याने बाकीचे सुधारत नाहीत, फक्त जास्त सावधपणे मोडायला शिकतात. सार्सनंतर अमेरिका, हाँगकाँग, सिंगापूर आणि तैवानमध्ये लोकांची मतं घेतली होती, क्वारंटाईनला चारही ठिकाणी बहुसंख्यांचा पाठिंबा होता, पण न पाळणाऱ्याला अटक होईल म्हटल्यावर तो पाठिंबा चारही ठिकाणी घसरला. तरीही सगळं पुरवूनसुद्धा, दोनदा समजावूनसुद्धा कुणी मुद्दाम गर्दीत फिरत असेल तर कायदा वापरायलाच हवा, तिथे मी मऊ नाही. फक्त तो शेवटी वापरायचा.

शेवटच्या दिवशी

याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. दार बंद झालेलं सगळ्या ग्रुपला कळतं, उघडलेलं कुणाला कळत नाही, आणि मग महिनाभर लोक त्या घरासमोरून जाताना भिंतीकडे सरकतात. ज्या ग्रुपवर पहिला मेसेज टाकला त्याच ग्रुपवर, तितक्याच स्पष्टपणे, "त्यांचे दिवस पूर्ण झाले, सगळे ठीक आहेत, आपल्यासाठी थांबले म्हणून आभार" असा मेसेज टाका. दारावर काही कागद लावला असेल तर तो त्याच दिवशी काढा, चिकटपट्टीचे डाग राहिले असतील तर तेही पुसा. आणि पहिल्या संध्याकाळी स्वतः त्या दारात जा. त्या बीपीच्या गोळ्यावाल्या बाईंकडे मी गेले होते, त्यांनी दार उघडलं, जरा थबकल्या, आणि "आत येताय ना?" असं विचारलं. मी चप्पल काढली आणि आत जाऊन बसले, दार उघडंच ठेवलं, जिन्यातून येणाजाणाऱ्यांना दिसेल असं.